लिंबू पिळून दाखवलेला ‘मकराणा’

गेल्या वर्षी पुण्यातील घराच्या दिवाणखान्यासाठी आणि देवघरासाठी आम्ही संगमरवर घेतला आणि त्यात मी फसलो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा असल्यामुळे पांढरा दगड आपण पारखून नव्हे, तर नावावरून घेतो. ताजमहालाचा दगड म्हणजे राजस्थानातल्या मकराणा गावचा संगमरवर, एवढीच माझी माहिती होती. त्या माहितीवर मी ३५० रुपये चौरस फूट भावाने ४२० चौरस फूट दगडाचे १,४७,००० रुपये मोजले.

मी शंका काढण्यापूर्वीच दुकानदाराने एका लादीवर लिंबू पिळले, दहा मिनिटांनी ते पुसले आणि चकाकी जशीच्या तशी असल्याचे दाखवून “काका, अस्सल मकराण्याला लिंबू काही करत नाही” असे सांगितले. खरे तर त्याच क्षणी मी उठायला हवे होते. मकराण्याचा संगमरवर मुख्यतः कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि लिंबाच्या आम्लाने त्याचे पॉलिश मरते. काही पांढरा संगमरवर मात्र डोलोमाइट या दुसऱ्या खनिजाचा असतो, त्यात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असते. ते थंड, सौम्य आम्लाला सहसा दाद देत नाही. जी परीक्षा त्याला उघडे पाडणारी होती, तीच त्याने पुरावा म्हणून माझ्यासमोर मांडली, आणि मी मान डोलावली!

काम संपल्यावर उरलेला तुकडा भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी पाहिला. पॉलिश केलेल्या बाजूवर रेझिनचा थर असू शकतो, म्हणून त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या खडबडीत बाजूवर पाणी घालून सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. बुडबुडे जवळजवळ आलेच नाहीत. मग खिळ्याने ओरखडून निघालेल्या भुकटीवर थेंब टाकला, तेव्हा ती हळूहळू फसफसू लागली. तोच थेंब आजीच्या संगमरवरी पोळपाटाच्या तळाला लावताच जोरात फेस आला. म्हणजे पोळपाट कॅल्साइटचा आणि माझा दगड डोलोमाइटचा. कॅल्साइटची कठिणता मोह्स मापनावर ३ आणि डोलोमाइटची साडेतीन ते चार असते, हेही त्यांनी सांगितले. पण दुकानात उभ्या उभ्या हा फरक जोखणे अवघड आहे.

जाब विचारायला गेलो तेव्हा दुकानदाराने शांतपणे बिल पुढे केले. त्यावर फक्त ‘पांढरा मार्बल’ असे लिहिले होते. “डोलोमाइटसुद्धा मार्बलच,” तो म्हणाला, आणि दुर्दैवाने हे निम्मे खरे आहे. राजस्थानातील राजसमंद भागातला पांढरा दगड डोलोमाइटी संगमरवर आहे आणि तो त्या नावाने विकण्यात काहीच गैर नाही. गैर होते ते मकराण्याचे नाव आणि मकराण्याचा भाव. तसाच दगड मला त्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानात १२० रुपयांनी सांगितला गेला. ग्राहक आयोगात जाण्यासाठी वकिलांना विचारले, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मकराणा कुठे लिहिले आहे?” तो शब्द फक्त तोंडी होता.

दगड वाईट नाही, हेही सांगायला हवे. तो कॅल्साइटच्या संगमरवरापेक्षा थोडा कठीण आहे आणि चिंच-लिंबाला जास्त टिकतो, त्यामुळे ओट्यासाठी मी तो आनंदाने घेतला असता, पण १२० रुपयांनी.

गेल्या महिन्यात जिन्यासाठी दगड पाहायला गेलो, तेव्हा भाव ठरवण्याआधी बिलावर ‘मकराणा, कॅल्साइट संगमरवर’ असे लिहून मागितले आणि नमुन्याच्या तुकड्याची मागची बाजू आम्लाने तपासू देण्याची विनंती केली. पहिल्या दोन दुकानांत अचानक मालक बाहेरगावी गेलेले निघाले. तिसऱ्याने तुकडा दिला आणि मकराण्याऐवजी डोलोमाइटचा भाव सांगितला.