टेक्ससमधलं मसाज थेरपिस्टचं लायसन्स: काही महिने काम केल्यावरचा अनुभव

"एवढं शिकून मालिश करणार?" हे मला डॅलसमध्येही विचारून झालंय आणि सांगलीहूनही, तेव्हा तो विषय इथे नको. ईएडी (अमेरिकेत काम करायचा परवाना) हातात आलंय, पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसायचं नाही आणि हे लायसन्स काढावं का असा विचार चाललाय, अशांसाठी लिहितेय. मी सुरुवातीला एका मोठ्या साखळीतल्या स्पामध्ये होते, आता आठवड्यातले काही दिवस एका कायरोप्रॅक्टरच्या (मणके-सांधे हाताने बसवणाऱ्याच्या) क्लिनिकमध्ये जाते.

मत आधीच सांगते. या लायसन्सने हात तयार होत नाही. हात कुठे लावायचा नाही, हे मात्र पक्कं होतं, आणि माझे पैसे त्यातच वसूल झाले.

टेक्ससमध्ये ५०० तासांचा कोर्स लागतो. त्यातले २०० तास प्रत्यक्ष मसाजचे, त्यातही किमान १२५ स्वीडिशचे, म्हणजे तेल-क्रीम लावून लांब हात फिरवत करायच्या नेहमीच्या मसाजचे. बाकी शरीररचना, स्नायूंची हालचाल, आजारांची माहिती, स्वच्छता. शिवाय कायदा, नीती आणि धंदा या तिन्हींचे मिळून ४५ तास. हायड्रोथेरपीचे २० तास आहेत, म्हणजे गरम-थंड शेक. ते आमच्या आजीने फुकटात शिकवलं होतं. सगळ्यात कामाचे ठरले इंटर्नशिपचे ५० तास. वर्गात आपण एकमेकींवरच सराव करतो आणि सगळ्या एकमेकींना सांभाळून घेतात. शाळेच्या क्लिनिकमध्ये कमी पैशात मसाज मिळतो म्हणून बाहेरचे लोक येतात, दिवसभर ट्रक चालवणारे, उभ्याने ड्यूटी करणाऱ्या नर्सेस. तिथे कळतं की खरा दुखरा खांदा पुस्तकातल्या चित्रासारखा नसतो. हे तास दुप्पट असायला हवे होते.

मग लायसन्ससाठीची परीक्षा, तिचं नाव एमब्लेक्स. १०० प्रश्न, ११० मिनिटं, फी २६५ डॉलर. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न काढतो, त्यामुळे मागे जाता येत नाही आणि प्रश्न सोडताही येत नाही. नापास झालात तर ३० दिवस थांबायचं आणि पुन्हा पूर्ण फी. आपल्याकडे पाठांतराची सवय म्हणून सगळे स्नायू कुठून निघतात नि कुठे जोडतात ते घोकत बसतात. पण शरीररचनेला फक्त ११ टक्के आणि हालचालीच्या शास्त्राला १२. क्लायंटची तपासणी आणि आखणी याला १७, नीती-कायद्याला १६. "क्लायंट अमुक म्हणाला, तुम्ही आधी काय कराल?" असले प्रश्न असतात. चारही पर्याय बरोबरच वाटतात आणि त्यातला सर्वात सावध पर्याय बहुतेक वेळा खरा निघतो.

पास झाल्यावर बोटांचे ठसे, १०० डॉलर आणि टीडीएलआरकडे, म्हणजे टेक्ससच्या लायसन्स खात्याकडे, अर्ज. लायसन्स दोन वर्षांचं. नूतनीकरणाला १२ तासांचं पुढचं शिक्षण आणि मानवी तस्करीबद्दलचं प्रशिक्षण लागतं. या धंद्याच्या आडून काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हेल्पलाइनची पाटीसुद्धा भिंतीवर लावावी लागते.

प्रत्यक्ष कामात रोज आठवतो तो सल्ल्याचा कागद. पहिल्या सेशनआधी क्लायंटची सही घ्यायची: कुठला मसाज, शरीराचे कुठले भाग, कुठले टाळायचे, अंग चादरीने झाकलेलं राहील, अस्वस्थ वाटलं तर थांबवायला सांगता येईल. आपल्या लोकांना हे फार अवघडतं. "अगं, सही कशाला, तू घरचीच ना!" मी हसते आणि पेन पुढे करते.

उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या आई-बाबांची गर्दी होते. अशाच एक काकू पुण्याहून येऊन चार-पाच दिवस झाले होते. डावी पोटरी सुजलेली, उजवी ठीक. हात लावला तर डावी गरम. "विमानात बसून आखडलाय गं, जरा तेल लावून दाबून चोळ." मी चोळला नाही. एकाच पायाला सूज, ऊब, लांबचा प्रवास, म्हणजे शिरेत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. निदान करणं माझ्या लायसन्समध्ये बसत नाही, म्हणून मुलाला एवढंच सांगितलं की आज, आत्ता इमर्जन्सीत न्या. काकू रुसल्या. पुढे काय निघालं ते सांगणं माझं काम नाही. मालिशवाल्या बाईंना हाताची कला माझ्यापेक्षा जास्त असते, पण हे "नाही" म्हणायला मला शाळेने शिकवलं. तसंच मानेचं. "सलूनमध्ये कडकन मोडतात तशी मोड ना" ही फर्माईश दर आठवड्याला येते. मणके मोडणं कायरोप्रॅक्टरचं काम, माझं नाही.

तक्रारी आहेतच. बाळंतिणीच्या मालिशला आपल्या लोकांत प्रचंड मागणी, पण गरोदरपण आणि बाळंतपणावर कोर्समध्ये जेमतेम काहीतरी. ते मी नंतर वेगळं पैसे भरून शिकले: कुशीवर झोपवून उशा कशा लावायच्या, सिझेरियननंतर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पोटाला हात नाही. स्वतःचं शरीर कसं वापरायचं हेही घाईत उरकतात. टेबल इतकंच उंच हवं की उभं राहून हात सोडले तर बोटांची पेरं त्याला टेकावीत. माझ्यासारख्या बुटक्यांनी ते रोज खाली करून घ्यायचं, लाजायचं नाही. अंगठ्याने दाबत राहिलात तर अंगठा संपतो. कोपर आणि पुढचा हात वापरा.

पगाराचंही नीट विचारून घ्या. स्पामध्ये "एक तास" म्हणजे ५० मिनिटं, मधल्या १० मिनिटांत चादरी बदलायच्या, आणि आमच्याकडे पैसे फक्त हात चालू असतानाचे, वर टिप. आठवड्याला ४० तास कोणाचेही हात चालत नाहीत, तेव्हा तासाच्या दराला ४० ने गुणून स्वप्नं बघू नका. आणि खोबरेल तेल विसरा. चादरीत मुरतं आणि धुऊनही खवट वास जात नाही. धुतल्यावर निघणारं क्रीम वापरा. बदाम तेल वापरायचं तर आधी ॲलर्जी विचारा.

नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या प्रोजेक्टमुळे गाव बदलत असेल तर पुढच्या राज्याचे नियम आधी वाचा. न्यूयॉर्कला १००० तास लागतात आणि परीक्षाही त्यांची स्वतःची. कॅलिफोर्नियात राज्याचं सक्तीचं लायसन्स नाही, ऐच्छिक सर्टिफिकेट आहे, पण शहरं आपापले नियम लावतात. एका लायसन्सवर दुसऱ्या राज्यांतही काम करता यावं म्हणून राज्याराज्यांमधला जो करार आणलाय तो ६२५ तासांचं किंवा तेवढ्या तोडीचं शिक्षण मागतो, म्हणजे टेक्ससचे ५०० तास तिथे तोकडे. शाळेत जास्त तासांचा पर्याय असेल तर थोडे पैसे वाढवून तोच घ्या.