टायर नवा, जन्म २०१९चा

टायरच्या दुकानातली फसवणूक बहुतेक वेळा टायर रिमवर चढल्यावरच कळते, आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या बाबतीत तर ती कळली पंक्चर झाल्यामुळे.

२०२४च्या दिवाळीआधी गाडीचे चारही टायर बदलायचे होते. मूळ टायरवर लिहिलेलं १८५/६५ आर१५ ८८एच. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, रिमपासून वरची टायरची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. दुकानदाराने आधी १८५/६० पुढे केले. "एकच साइज हो, बसतात सगळे!" बसतात हे खरंच, रिम तेच असतं. पण टायरचा व्यास जवळपास दोन सेंटिमीटरने कमी होतो, काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, आणि त्या टायरवर ८४ होतं, म्हणजे ५०० किलोच. घरची पाच माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट उतरणाऱ्याने हा फरक सोडून देऊ नये. आम्ही नको म्हटल्यावर गडी निमूटपणे आत गेला आणि ६५चे चार घेऊन आला. पॉलिश मारलेले, काळेभोर. साइज, भार, वेग, सगळं बरोबर. चहा आला, टायर चढले, बॅलन्सिंग झालं.

फेब्रुवारीत मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक उलटं केलं आणि विचारलं, "दादा, हा जुना घेतला का?" आतल्या बाजूला, डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत १४१९. म्हणजे २०१९चा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. बाहेरच्या बाजूला ती ओळ होती, पण अर्धीच, तारखेविना. बऱ्याच टायरवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात, त्यामुळे ते आत गेले म्हणजे लबाडीच झाली असं नाही. पण आमचे पुढचे दोन २०२४चे निघाले, आकडे बाहेर. मागचे दोन्ही २०१९चे, आकडे आत. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

दुकानदाराचं उत्तर ऐका: "न वापरलेला म्हणजे नवाच ना, साहेब." टायरवरची नक्षी झिजलेली नव्हती हे मान्य. पण रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं, ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. पाच वर्षं गोदामात राहिलेला माल ताज्या मालाच्या भावात का घ्यायचा? बिलावर फक्त "टायर १८५/६५, ४ नग". कंपनी नाही, अनुक्रमांक नाही, तारीख नाही. वॉरंटीसाठीही ते बिल कुचकामी, कारण नीट बिल नसेल तर बऱ्याच कंपन्या मुदत उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात.

शेवटी तो बदलून द्यायला तयार झाला, पण "वापराचे" म्हणून निम्मे पैसे कापून. ते मी नाकारलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार दिली आहे, टायरच्या आतल्या बाजूचे फोटो जोडले आहेत. मागचे दोन टायर तोवर दुसरीकडून घेतले. तिथल्या पोराने रिमवर चढवण्याआधी चारही आकडे आपणहून दाखवले आणि बिलावर लिहून दिले.