बालगंधर्वांचा शालू आणि पवळाचे चाळ

एकाच महाराष्ट्रात, एकाच काळात दोन रंगमंच होते. संगीत नाटकात पुरुष बाई व्हायचा. तमाशात बाई स्वतः उभी राहायची. मान कुणाला मिळाला, हे वेगळं सांगायला नको.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकात नायिका भामिनी झाले, पुढे ‘एकच प्याला’तली सिंधू. त्यांचं नेसणं, अंबाडा, चालणं घरंदाज बायका गिरवू लागल्या. गंमत बघा, कुलीन स्त्रीनं कसं दिसावं हे तिला एक पुरुष शिकवत होता! त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. वावगं वाटायचं ते खऱ्या बाईनं रंगमंचावर पाऊल ठेवण्याचं. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाटकमंडळीच्या नाटकात गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे आल्या, तेव्हा ती घटनाच ठरली.

तमाशातही आधी नाच्या पोऱ्या, म्हणजे बाईच्या वेषात नाचणारा मुलगा, असायचा. मग शाहीर पट्ठे बापूरावांच्या फडात नर्तकी पवळा आली. ते ब्राह्मण, ती महार. लोकांना लावणीपेक्षा हेच जास्त झोंबलं. शृंगार इथं उघड, नजरेला नजर देऊन. पण टाळ्या वाजवणारा तोच गडी घरी गेल्यावर तिला नावं ठेवायचा. तमाशातल्या गवळणीतली, म्हणजे कृष्ण आणि गौळणींच्या प्रसंगातली, मावशी मात्र आजही बहुधा पुरुषच, पदर सावरत, वात्रट बोलत.

मला विचाराल तर तमाशा जास्त प्रामाणिक. नाटकानं बाईची इच्छा पुरुषाच्या गळ्यातून गाळून घेतली. तमाशानं ती तिच्याच तोंडी दिली, जरी शब्द बहुतेकदा शाहिराचे असले, आणि किंमत तिनंच मोजली.