वजनकाट्याची चिप लिनक्समध्ये कोणत्या रूपात मांडावी?

एचएक्स७११ ही लोडसेलमधून (वजनाचा दाब विजेच्या संकेतात बदलणाऱ्या सेन्सरमधून) येणारा अगदी सूक्ष्म व्होल्टेज २४ बिटांच्या आकड्यात बदलणारी, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी चिप आहे. पण ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारा कोड, लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती विचित्र आहे. क्लॉक आणि डेटा अशा दोनच तारा असूनही ती चिपांमधील संवादाच्या नेहमीच्या पद्धतींपैकी ना आयटूसी बोलते, ना एसपीआय. एका वाचनात क्लॉकवर २५, २६ की २७ पल्स दिले यावरून पुढच्या वाचनाचा चॅनेल (कोणते इनपुट वाचायचे) आणि गेन (संकेत किती पट वाढवायचा) ठरतो आणि क्लॉकची तार ६० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ हाय राहिली, तर चिप बंद होते. असे उपकरण ज्यांना कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसवायचे आहे, त्यांच्यासमोर प्रामुख्याने तीन मार्ग असतात.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ड्रायव्हरच न लिहिता जीपीआयओच्या (प्रोग्रामने हाय-लो करता येणाऱ्या पिनांच्या) कॅरेक्टर डिव्हाइसवरून, म्हणजे फाइलसारख्या उघडता येणाऱ्या इंटरफेसवरून, युजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून) पल्स देणे. प्रात्यक्षिकापुरता तो चालतो. मात्र क्लॉक हाय असताना शेड्युलरने (कोणता प्रोग्राम केव्हा चालेल हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाने) प्रोसेस बाजूला काढली, तर ६० मायक्रोसेकंद सहज उलटतात, चिप बंद होऊन पुन्हा चॅनेल ए आणि गेन १२८ वर येते आणि प्रोग्रामला कोणतीही त्रुटी न दिसता चुकीचे वजन हाती पडते. ज्या आकड्यावरून कोणाच्या मालाचे पैसे ठरणार आहेत, त्यासाठी हा मार्ग मी कधीही सुचवणार नाही.

दुसरा मार्ग मोहात पाडणारा आहे: स्वतःचे कॅरेक्टर डिव्हाइस आणि स्वतःच्या आयओसीटीएल आज्ञा (प्रोग्रामने उपकरणाला द्यायच्या खास सूचना). वेळेचा प्रश्न येथे सुटतो, कारण काम कर्नलमध्ये होते. परंतु आज्ञांसोबत जाणाऱ्या डेटाच्या स्ट्रक्चरची मांडणी ३२ आणि ६४ बिटांच्या प्रणालींवर सारखी ठेवण्यापासून एककांपर्यंत प्रत्येक निर्णय आपल्या एकट्याचा असतो आणि प्रत्येक प्रोग्रामला आपली हेडर फाइल घ्यावी लागते. शिवाय युजरस्पेसला एकदा दिलेला इंटरफेस मागे घेणे फार कठीण असते. जीपीआयओचा जुना सिसएफएस (कर्नलमधील गोष्टी फायलींच्या रूपात दाखवणारा) इंटरफेस २०१६ मध्ये कालबाह्य ठरवला गेला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे तो कर्नलमध्ये ठेवावा लागला, हे येथे आठवावे.

स्वतंत्र इंटरफेस कधीच योग्य नसतो, असे मात्र नाही. एआय अॅक्सेलरेटरसाठीचा हबानालॅब्सचा ड्रायव्हर २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत ‘मिस्क’ (किरकोळ ड्रायव्हरांच्या) विभागात आला, कारण तशा उपकरणांसाठी तेव्हा वेगळी उपप्रणालीच नव्हती. इतर उत्पादकांचीही तशीच उपकरणे येऊ लागल्यावर २०२३ मध्ये ६.२ आवृत्तीत डीआरएमच्या (ग्राफिक्स कार्डांच्या उपप्रणालीच्या) आधारावर ‘अॅक्सेल’ उपप्रणाली आली आणि तो ड्रायव्हर पुढे तेथे हलवला गेला. आपल्या चिपच्या बाबतीत असे कारण उरत नाही. तिचे प्रोटोकॉल विचित्र असले, तरी ती शेवटी व्होल्टेजच मोजते.

म्हणून तिसरा मार्ग, म्हणजे सेन्सर व मोजमापाच्या चिपांसाठीची इंडस्ट्रियल आयओ किंवा आयआयओ उपप्रणाली, हे तिचे खरे घर आहे. जोनाथन कॅमेरॉन यांनी सुरू केलेली ही उपप्रणाली २००९ मध्ये स्टेजिंगमध्ये (अजून तयार न झालेल्या कोडच्या विभागात) आली आणि तिचा गाभा २०१२ मध्ये तेथून बाहेर पडला. तिच्यात प्रत्येक चॅनेलला ‘रॉ’ (कच्चा आकडा) आणि ‘स्केल’ (गुणक) अशा फायली मिळतात आणि दोहोंचा गुणाकार मिलिव्होल्टमध्ये येतो. एचएक्स७११ चा ड्रायव्हर कर्नलमध्ये याच रूपात आहे: ‘स्केल’मध्ये नवी किंमत लिहिली की गेन बदलतो, पल्सची संख्या आत ठरते आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला तिचा पत्ताही लागत नाही. क्लॉक हाय असेपर्यंत ड्रायव्हर प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच बाजूला काढणे) थांबवतो. सलग नोंदी हव्या असतील, तर ट्रिगर (वाचन कधी घ्यायचे ते ठरवणारा) आणि बफरची (वाचने साठवणाऱ्या जागेची) सोय तयारच असते.

आयआयओ ग्रॅममध्ये वजन देत नाही, ही तक्रार अनेकदा होते. मला ती उणीव वाटत नाही. कॅलिब्रेशन चिपचे नसते. लोडसेल आणि त्यावर बसवलेल्या तबकाचे असते, आणि त्याचे आकडे युजरस्पेसमध्येच असावेत.

एचडब्ल्यूमॉन या उपप्रणालीचा विचार येथे करू नये, कारण तो यंत्राच्या स्वतःच्या तापमान, पंखे व व्होल्टेजवर लक्ष ठेवण्यासाठी आहे. यूआयओ (युजरस्पेसमधून ड्रायव्हर लिहिण्याची सोय) मेमरीत मॅप होणारी रजिस्टर असलेल्या एफपीजीए (आतली जोडणी नव्याने ठरवता येणाऱ्या चिपांच्या) कार्डांसाठी उत्तम आहे, पण दोन तारांच्या चिपला त्याचा उपयोग नाही. आपल्या उपकरणात आयआयओला ठाऊक नसलेला एखादा गुण असेल, तर त्यासाठी वेगळे डिव्हाइस काढण्याऐवजी नवा अॅट्रिब्यूट (‘स्केल’सारखी फाइल) सुचवावा आणि पॅच पाठवतानाच कर्नलच्या एबीआय (युजरस्पेसला दिलेल्या इंटरफेसच्या) दस्तऐवजात त्याचे एकक व अर्थ नोंदवावा.