अधूनमधून गचके देणारी जुनी गाडी: सर्व्हिस सेंटर, अण्णांचं गॅरेज की डोंगल?

गाडी कायमची बिघडली असेल तर कुठेही न्या, सापडेल. पंचाईत होते ती आज आहे आणि उद्या नाही अशा बिघाडाची. सकाळी जुळे सोलापुरातून सात रस्त्यापर्यंत गाडी बिनतक्रार जाते. दुपारी ऊन तापलं, एसी चालू झाला आणि तुळजापूरच्या घाटात पाय दाबला, की ती क्षणभर विचारात पडते आणि मग गचका देऊन उठते. प्लग, एअर फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल हे सगळं तुम्ही बघून झालं असेल असं धरून चालतो. त्यापुढे तीन वाटा आहेत आणि माझ्या पेट्रोल हॅचबॅकच्या निमित्ताने तिन्ही तुडवून झाल्या आहेत.

सर्व्हिस सेंटरबद्दल माझी तक्रार तशी मवाळ आहे. त्यांच्याकडचा स्कॅनर आपल्या हातातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा सरस असतो. कंपनीचे बिघाडाचे खास कोड तो वाचतो, पंप किंवा इंजेक्टर बसल्या जागी चालू-बंद करून बघतो आणि वायरिंगचा नकाशा त्यांच्यापाशी असतो. पण हा स्कॅनर शेवटी ईसीएमलाच, म्हणजे इंजिनच्या संगणकालाच, विचारणार. एखादी किंमत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली आणि ठरलेला वेळ तिथे राहिली, तरच ईसीएम कोड नोंदवतो. काही कोड तर दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच घडल्याशिवाय चेक इंजिनचा दिवा लावत नाहीत. आपला गचका त्या मर्यादेच्या आतच येऊन निघून गेलेला असतो. मग कागदावर ‘नो फॉल्ट’ येतं. टेस्ट ड्राइव्हही सकाळी, अर्धवट गरम इंजिनवर, आसरा चौकापर्यंत जाऊन परत. तिथे गाडी गचका देईल अशी अपेक्षा ठेवणंच चूक.

पुढे थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग वगैरेचं एस्टिमेट समोर येतं. त्यात लुबाडणूकच असते असं मी म्हणणार नाही, जुन्या गाडीला ते कधीतरी लागतंच. मात्र चेक इंजिनचा दिवा लागून राहिला असेल तर सरळ तिथेच जा. आणि दिवा लुकलुकत असेल तर पाय हलका ठेवून जा. मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, इतकं वाढलेलं असतं की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन तो भाजून निघू शकतो, आणि तो भाग काही स्वस्त नाही.

आता अण्णा. प्रत्येक पेठेत असा एक अण्णा असतो. कुणाची घरची भाषा तेलुगू, कुणाची कन्नड, आणि गिऱ्हाइकाशी अस्सल सोलापुरी मराठी. आपल्या मॉडेलच्या ढिगाने गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या असतात. प्लग काढून टोकाचा रंग बघितला की मिश्रण पातळ आहे की जाड याचा अंदाज तो उभ्या उभ्या सांगतो. अंधार पडल्यावर प्लगला वीज पोचवणाऱ्या एचटी वायरींवर पाण्याचा फवारा मारून ठिणगी कुठून पळते ते दाखवतो. इंजिन चालू ठेवून एकेक कनेक्टर हलवत जातो, आणि एखाद्या ठिकाणी आवाज बदलला की नुसता आपल्याकडे बघतो. यातलं बरंचसं कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीची ठिणगीची कॉइल काढून तासभर आपल्या गाडीला लावून बघण्याची सोयही फक्त इथेच.

पण उसनी कॉइल मिळाली नाही की नवीन आणावी लागते, आणि माझं खरं दुखणं तिथून सुरू होतं. कॉइल बदलली. “बघा साहेब, आता पळायलीय का न्हाई!” पळायली, हे खरं. आठवडाभर पळाली. मग एका दुपारी पुन्हा तेच. मग थ्रॉटल पोझिशन सेन्सर (टीपीएस). पुन्हा काही दिवस झकास, पुन्हा तेच. बदललेला प्रत्येक पार्ट थोडे दिवस तरी यश पदरात पाडून घ्यायचा, कारण येऊन-जाऊन असणारा बिघाड तसाही थोडे दिवस गप्प बसतोच.

यात एक खोच आहे, ती कळायला मला वेळ लागला. पार्ट बदलताना कनेक्टर काढला जातो आणि पुन्हा बसवला जातो. त्या घासण्याने पिनांवरचा गंज निघतो आणि सेन्सर जुनाच ठेवला असता तरी गाडी सुधारली असती. शिवाय काम करताना बॅटरीची वायर काढलेली असते. त्यामुळे ईसीएमने शिकून ठेवलेला इंधनाचा हिशोब, म्हणजे लाँग टर्म फ्युएल ट्रिम, बहुतेक गाड्यांत पुसला जातो. पुन्हा शिकेपर्यंत गाडीचं वागणं वेगळंच वाटतं, कधी बरं, कधी वाईट. थोडक्यात, दुरुस्ती म्हणून केलेली कृतीच पुरावा पुसून टाकते. त्यात दुकानाच्या काउंटरवर पाटी: ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.’ दुकानदाराचंही बरोबरच आहे. पण धडधाकट कॉइल आणि धडधाकट सेन्सर डिकीत घेऊन मी हिंडत होतो आणि घरी विचारलं जायचं, “झाली का बरी?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं, अण्णांकडे नव्हतं, त्या कागदावरही नव्हतं. पैशापेक्षा हे जास्त टोचायचं. माझा निर्णय झाला तो यावरच.

डोंगल म्हणजे ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये, खोचायचा तो काड्यापेटीएवढा ब्लूटूथचा डबा. हजाराच्या आत साधा मिळतो. लोक तो घेतात, कोड बघतात, कोड नाही म्हटल्यावर ड्रॉवरमध्ये टाकतात. कोड बघायलाच घ्यायचा असेल तर माझ्या मते घेऊ नका. त्याचा उपयोग लाइव्ह डेटा नोंदवून ठेवण्यात आहे, कारण तिघांत गचक्याच्या क्षणी गाडीत हजर असणारा तो एकटाच.

ॲपमध्ये डझनभर काटे लावण्याचा मोह टाळावा. जुन्या गाड्यांची लाइन मंद असते. जितक्या गोष्टी विचाराल तितकं प्रत्येकीचं उत्तर उशिरा येतं आणि नेमका गचका दोन नोंदींच्या मधून निसटतो. मी आरपीएम, थ्रॉटल, पुढचा ऑक्सिजन सेन्सर आणि दोन्ही फ्युएल ट्रिम (क्षणाक्षणाचा आणि शिकून ठेवलेला) एवढंच ठेवतो. पाय स्थिर असताना थ्रॉटलची रेघ मध्येच तुटून खाली गेली तर टीपीएस किंवा त्याची वायर. आरपीएम क्षणात शून्यावर जाऊन परत आला तर क्रँक सेन्सर बघायचा. तापल्यावर दगा देण्याची त्याची जुनी खोड आहे. थ्रॉटल उघडा, चढावर ताण, आणि ऑक्सिजन सेन्सर ०.८ च्या आसपास जाण्याऐवजी ०.१ व्होल्टला चिकटून बसला, तर पेट्रोल कमी पडतंय असा संशय घ्यायला जागा आहे. संशयच म्हणतो, कारण ठिणगी चुकली तरी न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि सेन्सर तसंच खोटं सांगतो. फरक पाठीला कळतो: ठिणगी चुकली की झटका बसतो, पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी मऊ पडते.

माझ्या गाडीची नोंद तामलवाडी ओलांडून घाट लागला तिथली. टाकी पावच्या खाली, बाहेर भाजून काढणारं ऊन, आणि ऑक्सिजनची रेघ तळाला. टाकी भरलेली असताना त्याच चढावर काहीच नाही. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच गार राहतो, हे लक्षात घेतलं तर या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर फार डोकं चालवावं लागत नाही: संशय पंपावर. पण इंधनाचा दाब माझ्या गाडीत डोंगलला दिसत नाही; तिथे सेन्सरच नाही. तो मोजायला गेज लागतो आणि गेज अण्णांकडे. फोनवरचा आलेख दाखवल्यावर ते आधी हसले, मग गेज लावून गाडी घेऊन गेले. ताण आला की दाब खाली बसत होता. पंपाखालची जाळी काळी पडलेली निघाली, पंपही थकलेला. दोन्ही बदललं. त्यानंतर मुद्दाम टाकी खाली उतरू दिली, भर दुपारी तोच घाट चढलो आणि तीच रेघ पाहिली. या वेळी ती वर होती. घरी उत्तर देता आलं.

इथे इथेनॉलचा विषय निघणारच. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून आपण प्रत्येक गचक्याचं खापर ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, फोडतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम थोडा प्लसमध्ये जाणं, म्हणजे ईसीएमने पेट्रोल वाढवणं, स्वाभाविक आहे. म्हणून गाडी बरी असतानाची एक नोंद आधीच करून ठेवावी. दहा टक्क्यांच्या आत-बाहेरचा आकडा एरवी काहीच सांगत नाही. आपल्याच गाडीच्या नेहमीच्या आकड्यापासून तो किती सरकला ते सांगतो.

डोंगलच्या कटकटी आहेतच. स्वस्त नकला ऐन घाटात ब्लूटूथ सोडतात. साधे ब्लूटूथवाले डबे आयफोनशी सहसा जुळत नाहीत. त्यासाठी वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला बघावा लागतो. चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही. नोंद चालू करून फोन बाजूला, आणि घरी येऊन आलेख. वाचायला शिकण्याचा कंटाळा असेल तर हा मार्ग तुमचा नाही, यात कमीपणाही काही नाही. अशांनी अण्णांकडे जावं, पण उसना पार्ट लावून बघितल्याशिवाय नवीन आणू देऊ नये, आणि एका वेळी एकच बदल.

गाडी किती जुनी हेही बघा. एप्रिल २०१० मध्ये ज्या १३ शहरांत बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक आधी लागू झालं त्यांत दिल्ली-मुंबईबरोबर आपलं सोलापूरही होतं. त्याच मानकाबरोबर ओबीडी आलं आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. त्यामुळे इथे पासिंग झालेली २०१३ नंतरची गाडी असेल तर डोंगल जोडला जाण्याची काळजी नको. २०१० ते २०१३ मधली असेल तर आधी कुणाचा तरी उसना लावून बघा. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचा पोर्ट दिसला तरी भाषा कंपनीची स्वतःची असू शकते, आणि कार्ब्युरेटरवाली असेल तर अण्णांना पर्याय नाही.

घेतलात तर एवढं करा: काम झालं की डबा पोर्टमधून काढून ठेवा. पोर्टची सोळावी पिन किल्ली बंद असतानाही चालू असते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर जुनी बॅटरी बसायला तेवढं पुरतं.