मालवणची मासळी थाळी: तुकडीआधी वाट्या चाखा

मालवणच्या बाजारपेठेतून बंदराकडे चालत गेलं की खाणावळींच्या पाट्या सगळ्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसतात: सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी, कोंबडी वडे. ताटात येणारा ऐवजही तोच. एक तळलेली तुकडी, वाटीभर आमटी, सुंगटांचं (कोळंबीचं) नाहीतर तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, भात, दोन तांदळाच्या भाकऱ्या किंवा चपात्या, सोलकढी आणि कांदा-लिंबू. चांगली थाळी कुठली आणि पर्यटकांच्या गळ्यात मारलेली कुठली, हे कळतं ते वाट्यांवरून. तुकडीला रवा, तिखट आणि तेल मिळालं की कालचा मासाही आजचा वाटतो. आमटी आणि सोलकढी यांना लपायला जागा नसते.

आधी आमटी. माशाच्या आमटीला ओलं खोबरं न भाजता वाटतात, सोबत धणे, सुक्या मिरच्या, हळद, आणि आंबटाला आमसुलं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप, म्हणजे वाटण, मटणाचं आणि कोंबडीचं. माशाच्या वाटीत काळपट, गरम मसाल्याचा वास मारणारा रस्सा आला, तर समजा एकच वाटप दोन्ही पातेल्यांत गेलंय. रस्सा फुटून खाली पाणी आणि वर कण दिसत असतील, तर आमटी सकाळपासून पुन्हा पुन्हा उकळली आहे. ओल्या खोबऱ्याला खळखळून उकळी सोसत नाही. वाटीत माशाचं डोकं किंवा शेपटी आली म्हणून तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. खरं तर आमटीला चव त्यांचीच. नुसत्या रश्शात ऐनवेळी सोडलेली तुकडी कितीही देखणी असली, तरी रस्सा आणि मासा यांची ओळख झालेली नसते.

बांगड्याच्या किंवा पेडव्यांच्या (तारलीच्या) आमटीत तिरफळ हवं, म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारं मसाल्याचं छोटं फळ. ते वाटत नाहीत. नुसतं ठेचतात, आतली काळी बी काढून टाकतात आणि साल आमटीत सोडतात. चार बांगड्यांना सात-आठ तिरफळं पुरतात. चावायचं नाही, बाजूला काढायचं. तेलकट माशाच्या उग्रपणाला तिरफळ बरोबर आवरतं. पापलेटात घातलं तर त्याची नाजूक चवच मरते. लसूण सढळ हाताने पडला की तिरफळाचा वास दबतो, आणि बाहेरच्या जिभेला बरं वाटावं म्हणून हल्ली तेच होतं.

इथे एक सावधगिरी. तिरफळाने जीभ जराशी बधिर होते, ते ठीक. पण तळलेल्या बांगड्याच्या तुकडीत, जिथे तिरफळ नसतंच, मिरीसारखी चुरचुर लागली तर तो घास तिथेच थांबवा. बांगडा बर्फाविना उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. थोड्या वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ येतं. मासा वासाला बरा असला तरी हे होऊ शकतं.

सोलकढी हा माझ्या मते सगळ्यात कडक परीक्षक. नारळाचं पहिलं आणि दुसरं दूध, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), ठेचलेली हिरवी मिरची, लसणीच्या दोन-तीन पाकळ्या, कोथिंबीर. आगळात मीठ असतंच, म्हणून चाखल्याशिवाय वरून मीठ घालत नाहीत. खारट सोलकढी म्हणजे नेमकी ही चूक. रंग फिका गुलाबी, थोडा जांभळटाकडे झुकणारा. सरबतासारखा भडक गुलाबी दिसला तर वरून रंग घातल्याची शंका घ्या. पावडरीच्या दुधाची सोलकढी ओळखायला सोपी: अगदी एकसारखी गुळगुळीत, जराशी गोडसर, टाळूला चिकटणारी. ताज्या दुधाची थोडा वेळ ठेवली की वर साय आणि खाली पाणी होते. तो दोष नव्हे, ढवळून प्यावी. दुपारी तीननंतर मात्र जपून. नारळाचं दूध उन्हाळ्यात लवकर आंबतं आणि आमसुलाच्या आंबटपणात ते चटकन कळत नाही. चमचा उचलताना तार सुटली की पेला परत करा.

आता तुकडी. इथली सुरमई महाग आणि बहुतेकदा निराश करणारी. तुकडी पाऊण बोटाहून पातळ कापली की तव्यावर आतून कोरडी ठणठणीत होते, शेपटीकडची तर जास्तच. मागायची तर पोटाकडची मागा. बर्फातला मासा नीट न निथळता तव्यावर टाकला की पाणी सुटतं आणि रव्याचं कवच सालासारखं निघून येतं. गर्दीच्या दिवशी तुकड्या आधीच अर्ध्या तळून ठेवतात, मग दुसऱ्यांदा तेलात. असा रवा दातात कडक आणि खाली ओला लागतो. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत म्हणूनच साडेबाराच्या आत बसलेलं बरं. दोननंतर पाटीवरचं अर्धं संपलेलं असतं.

पाटीवर ‘साइजप्रमाणे’ लिहिलं असेल तर तुकडी कच्ची असताना बघा आणि भाव तेव्हाच विचारा. खाऊन झाल्यावर वाद घालायला काही हातात उरत नाही. सुरमईला इथे इसवण म्हणतात. त्याच नावाने विचारलं तर उत्तरही सरळ मिळतं. पण सगळ्यात चांगला प्रश्न म्हणजे ‘आज ताजां काय आसा?’ उत्तर बांगडे, पेडवे किंवा मुडदुशी (नगली मासे) आलं तर डोळे मिटून तेच घ्या. स्वस्त पडतं आणि त्या दिवशीच्या रापणीचं (किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यातलं) असण्याची शक्यता जास्त.

कोंबडी वडे फक्त कढईतून थेट येत असतील तरच. गार वडा चामड्यासारखा ओढावा लागतो.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. तेव्हाची सुरमई शीतगृहातलीच. त्या दिवसांत खाडीची मासळी, कुर्ल्या (खेकडे) आणि तिसरे मागावेत. श्रावणात बऱ्याच ठिकाणी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या मिळतात, त्या चुकवू नयेत. आणि पावसाच्या दुपारी एखाद्या छोट्या खाणावळीत गोलम्याचं (सुक्या जवळ्याचं) किसमूर आहे का, ते विचारून बघा. भाजलेला गोलमो, ओलं खोबरं, कांदा, तिखट आणि आमसुलाचं पाणी. कालवल्याबरोबर वाढलं पाहिजे, दहा मिनिटांत त्याचा कुरकुरीतपणा जातो.