पाना न लावता कॉइलचे 2,850

8,110 रुपये. दुचाकीच्या दुरुस्तीत एवढ्याचा चुना लावून घेतला मी, आणि बिघडला होता 780 रुपयांचा पार्ट. लिहायला लाज वाटते, कारण मी काही अडाणी नाही. शिरवळच्या कंपनीत बारा वर्षं मशीनवर उभा आहे. पण गॅरेजवाला सहा वर्षांच्या ओळखीचा, मेव्हण्याने दाखवलेला. "दादा, तुमच्याकडून जास्त घेईन का?" म्हणणारा. अशा माणसाला कोण मीटर लावून बघतं?

सुरुवात बल्बपासून झाली. सेकंड शिफ्ट करून वाईला येताना खंबाटकीच्या चढाला हेडलाइट उडाला. नवा टाकला, पंधरा दिवसांत तोही गेला. तीन बल्ब, प्रत्येकी 120. मग सकाळी सेल्फ घेईना. बॅटरी संपली म्हणाला: 1,650. ती 23 दिवसांत दोन्ही अंगांनी पावासारखी फुगली, सीटखालून सडक्या अंड्याचा वास. दुसरी बॅटरी, परत 1,650. बॅटरीच्या दुकानदाराने फुगलेलीला हातही लावला नाही. चार्जिंगचा दोष, वॉरंटीत बसत नाही, म्हणाला. माणूस तोंडावर सांगतोय चार्जिंगचा दोष, आणि मी त्याच्याशी वॉरंटीवरून भांडत बसलो!

त्याहून जिव्हारी लागतं ते पुढचं. गॅरेजवाल्याने माझ्यासमोर बॅटरीला मीटर लावला आणि रेस केली. आकडा मी या डोळ्यांनी पाहिला: 16.2 व्होल्ट. त्याने पटकन वायरी काढल्या. "मॅग्नेटची कॉइल जळलीय दादा." म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करणारा भाग. आणि मी मान हलवली. अरे, कॉइल जळली असती तर व्होल्टेज बाराच्या आसपास रखडलं असतं, हळूहळू उतरलं असतं. 16.2 म्हणजे कॉइल ठणठणीत करंट देतेय आणि त्याला आवर घालणारा रेग्युलेटर, आपलं आरआर युनिट, गेलंय. चार-पाच हजार आरपीएमला साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. पंधराच्या वर गेलं की बल्ब उडतात, बॅटरी उकळते. आता सगळं तोंडपाठ आहे. तेव्हा मात्र मुकाट मोजले: कॉइलचे 2,850, "वायरिंग"चे 900, मजुरी 700.

बल्ब पुन्हा उडायला लागले तेव्हा कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनने पार्किंगमध्येच दहा मिनिटांत निकाल लावला. मॅग्नेटकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी कपलरमधून सोडवल्या, गाडी चालू ठेवून दोन-दोन वायरींवर एसी व्होल्टेज मोजलं. तिन्ही वेळा आकडा सारखा. गाडी बंद करून बघितलं, एकही वायर बॉडीला लागत नव्हती. "कॉइल चांगली आहे." "नवीनच टाकलीय ना," मी म्हणालो. तो खाली वाकला आणि मला जवळ बोलावलं. मॅग्नेट कव्हरच्या बोल्टांभोवती वाळका चिखल आणि तेलाची काजळी, दोन पावसाळ्यांची, जशीच्या तशी. कव्हर उघडल्याशिवाय कॉइल बदलता येत नाही. तिथे पानाच लागला नव्हता.

जुनी कॉइल मागितली होती मी. "भंगारात गेली." जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका, सख्खा भाऊ असला तरी.

आरआर युनिट मी स्वतः आणलं, इलेक्ट्रिशियनने बसवलं. आता मीटर 14.2 दाखवतो.

मग चौकी. साहेबांनी चहा संपवला, ऐकलं आणि म्हणाले, हा पैशाचा वाद, ग्राहक कोर्टात जा. अर्ज ठेवून घेतला, पोच नाही. पोच मागितली तर, "आठ हजारांसाठी किती ताणताय?" आठ हजार माझे गेलेत साहेब, तुमचे नाही! ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि नऊ दिवसांनी, समोरून प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद केली. चोर बोलत नाही म्हणून फाइल बंद! वर विचारतात, पक्कं बिल आहे का? पक्कं बिल देणारा असता तर तुमच्यापर्यंत आलो असतो का? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, हे खरं. पण प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका, स्कॅन हे सगळं करून देणाऱ्याने 600 मागितले. तेही दिले, ते 8,110 मध्ये धरलेले नाहीत. कॉइलचे पैसे यूपीआयने गेले होते म्हणून निदान एक तरी कागद आहे. बाकी सगळं रोख. रोख देऊ नका.

परवा त्याचा फोन आला. "दादा, हजार घ्या, मिटवा." मी फोन ठेवला.

बायको म्हणते, गाडी धुवा एकदाची. कशी धुऊ? त्या बोल्टांवरचा चिखल हाच तर पुरावा. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून गाडी जिन्याखाली ताडपत्री घालून उभी केलीय आणि मी एसटीने कंपनीत जातोय.